रफनेसचा आकडा पास, तरी जॉब फेल: शॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मिक्सर घरोघरी पोचायच्या आधी टाकीवाली दारावर यायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मिरची त्यावर नुसती सरकते, वाटली जात नाही. मग ती छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसायची आणि पाट्याला टाकी लावून द्यायची. टिक टिक टिक, एकसारखे बारीक टाके. त्यानंतरचं पहिलं वाटण आमची आजी कुणाला खाऊ द्यायची नाही. मूठभर तांदूळ वाटून ते फेकून द्यायची, कारण त्यात कच उतरायची. पुढे मशीन शॉपमध्ये लागलो तेव्हा कळलं, की टाकीवाली करायची त्याला सरफेस टेक्श्चर म्हणतात आणि आजी करायची त्याला रनिंग-इन.

शॉपमध्ये किंवा क्यूसीत (तपासणी विभागात) नवीन आलेल्या मुलामुलींचा मात्र पक्का समज असतो, की जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. जॉबला, म्हणजे मशीनवर केलेल्या भागाला, रफनेस (खडबडीतपणा) मोजायचा टेस्टर लावायचा, आकडा बघायचा, ड्रॉइंगवरच्या आकड्यापेक्षा कमी आला की ओके. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. मग एका शाफ्टने धडा शिकवला, तो पुढे सांगतो.

आधी आकारमानाचा अंदाज घ्या

आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या ग्राइंडिंगवर जे उंचसखल राहतं त्याची सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटतं. पण जोरात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये गोळी आणि ती जिच्यात फिरते ती रेस यांच्यामधला तेलाचा थरही पुष्कळदा एक मायक्रॉनच्या आतच असतो. खडबडीतपणा थरापेक्षा मोठा झाला की शिखरं तेलातून डोकं वर काढतात आणि लोखंडाला लोखंड लागतं. थराची जाडी दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाच्या तिप्पट असेल तर ते एकमेकांना जवळजवळ शिवत नाहीत. एकपटीच्या खाली गेलात की झीज सुरू. बेअरिंगवाले हे गुणोत्तर सतत तोंडात घेऊन असतात.

दुसरी गोष्ट. दोन सपाट फेस (जॉबच्या बाजू) एकमेकांवर ठेवले की ते पूर्ण टेकले असं आपण धरतो. तसं नसतं. टेकतात ती फक्त शिखरं, आणि खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागात होतो. सगळा भार तेवढ्यावर येतो, म्हणून शिखरं दबतात. बोल्ट टॉर्कने आवळला, दुसऱ्या दिवशी बघितलं तर थोडा सैल, हा अनुभव पुष्कळांना येतो. आटे आणि फेस यांची शिखरं बसली की जोड काही मायक्रॉनने खाली जातो. लांब बोल्टला हे चालून जातं. आखूड बोल्ट मुळात ताणलाच फार थोडा जातो, त्यामुळे तिथे पकड बरीच कमी होते.

पृष्ठभागावर तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागतो. घाटाचा चढउतार म्हणजे फॉर्म, म्हणजे आकारातली चूक. डांबराला आलेल्या लाटा, ज्यांवर गाडी झुलते, त्या वेव्हिनेस. आणि टायरखाली खरखरते ती खडी म्हणजे रफनेस. टेस्टर पहिल्या दोन गाळून तिसरी दाखवतो. कटऑफ म्हणजे ती गाळणी; ठरवलेल्या लांबीहून लांब चढउतार ती काढून टाकते. टूलच्या रेघा कोणत्या दिशेने गेल्यात ही चौथी गोष्ट, तिला ‘ले’ म्हणतात. नवखे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

पायरी १: या फेसला काम काय, ते विचारा

ड्रॉइंग हातात आलं की आकड्यावर बोट ठेवण्याआधी सिनिअरला हा प्रश्न विचारा. लाजू नका. उत्तर मिळालं नाही तर असेंब्लीत जाऊन बघा.

फेस घासणार असेल तर त्याला तेल धरून ठेवता आलं पाहिजे. सिलिंडर बोअर, म्हणजे इंजिनात पिस्टन सरकतो ते भोक, हे याचं उत्तम उदाहरण. बोअरला होनिंग केल्यावर (स्टोनने आतून घासल्यावर) तिरप्या रेघांची जाळी दिसते, रेघा एकमेकींना साधारण ४० ते ६० अंशांत कापतात. त्या दिसायला छान म्हणून मारलेल्या नसतात. खाचांत तेल राहतं आणि पिस्टनच्या रिंगला प्रत्येक फेरीत थोडं थोडं मिळतं. जुन्या गाडीचा बोअर घासून आरशासारखा झाला आणि गॅरेजवाल्याने तसाच नव्या रिंगा टाकल्या तर रिंगा बसत नाहीत, गाडी तेल खाते. म्हणून जाणता मेकॅनिक रिंगा टाकण्याआधी बोअरला हलकं होनिंग मारून घेतो. पाट्याला टाकी लावण्याचाच प्रकार.

फेस गळती थांबवणारा असेल तर उत्तर गॅस्केटवर किंवा सीलवर ठरतं. पाइपलाइनच्या फ्लँजचा फेस बघा. त्यावर मुद्दाम ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा ओढलेल्या असतात आणि अमेरिकन मानकाप्रमाणे त्यांचा रफनेस ३.२ ते ६.३ मायक्रॉन लागतो. नवीन मुलगा उत्साहाने तो ०.८ वर आणतो आणि शाबासकीची वाट बघत उभा राहतो. जॉब रिजेक्ट. मऊ गॅस्केटला त्या रेघा पकडून ठेवतात, गुळगुळीत फेसवर दाबाखाली ती बाहेर सरकू शकते.

फेसवर भार उलटसुलट, लाखो वेळा येणार असेल तर प्रश्न फटीगचा, म्हणजे वारंवारच्या भाराने तडा जाण्याचा. प्रत्येक टूलमार्क ही एक बारीक खाच, आणि तडा खाचेतून सुरू होतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: पोलाद जितकं मजबूत तितकं ते खाचेला जास्त घाबरतं. डिझाइनच्या पुस्तकांत पृष्ठभागासाठी एक गुणक असतो, त्याने फटीगची ताकद गुणायची. ६०० मेगापास्कल ताणशक्तीच्या पोलादाला मशिनिंग केलेल्या पृष्ठभागासाठी तो साधारण ०.८३ येतो, तर १२०० मेगापास्कलच्या पोलादाला ०.६९. फोर्जिंगची (ठोकून घडवताना आलेली) कातडी तशीच ठेवली तर हेच आकडे ०.४७ आणि ०.२३ इतके खाली येतात. म्हणजे महाग, दुप्पट मजबूत पोलाद आणलं आणि पृष्ठभाग फोर्जिंगचाच ठेवला, तर फटीगच्या हिशेबात हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ०.४७ गुणिले ६०० आणि ०.२३ गुणिले १२००, करून बघा.

आणि लगेच याच्या उलट उदाहरण. कमानपाट्याला किंवा गिअरला शॉट पीनिंग करतात. छर्‍यांच्या माऱ्याने पृष्ठभाग बहुतेक वेळा आधीपेक्षा खडबडीत होतो, टेस्टरवर आकडा वाढतो, आणि आयुष्यही वाढतं. कारण वरचा थर दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि तडा उघडू देत नाही. रफनेसचा आकडा या दाबाबद्दल काहीच सांगत नाही. ग्राइंडिंगमध्ये जळलेल्या शाफ्टबद्दलही सांगत नाही. जॉब दिसायला चकचकीत, आकडा सुंदर, आणि वरची कातडी आतून मऊ पडलेली.

राहिले पकडायचे फेस. रंग, पावडर कोटिंग, चिकटवण्याचे जोड. यांना गुळगुळीतपणा बाधतो. आणि ज्यांना काहीच काम नाही असे फेस प्रत्येक जॉबवर असतात. त्यांवर कुणी ०.८ मागितला असेल तर डिझाइनला विचारा, पुष्कळदा जुन्या ड्रॉइंगवरून नकललेला असतो. ३.२ वरून ०.८ वर जायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी एक जादा ऑपरेशन, आणि त्याचे पैसे कुणीतरी भरतं.

पायरी २: ड्रॉइंगवरची खूण वाचा

नवीन ड्रॉइंगवर बरोबरच्या खुणेसारखं (✓) चिन्ह असतं. त्यावर आडवी रेघ असेल तर मशिनिंग करायचंच आहे. खाचेत गोल असेल तर मटेरिअल काढायचं नाही, फोर्जिंग-कास्टिंगचा पृष्ठभाग तसाच ठेवायचा. शेजारी ‘ले’ची खूण येऊ शकते: ‘=’ असेल तर रेघा समांतर, एक्स असेल तर जाळी, सी असेल तर गोलाकार.

जुन्या ड्रॉइंगवर, आणि आपल्याकडे ती अजून भरपूर फिरतात, उलटे त्रिकोण दिसतात. एक त्रिकोण म्हणजे ८ ते २५ मायक्रॉन, दोन म्हणजे १.६ ते ८, तीन म्हणजे १.६ च्या खाली. काही ठिकाणी एन नंबर असतात. एन७ म्हणजे १.६ एवढं पाठ करा. एक नंबर वर गेलात की दुप्पट, खाली आलात की निम्मं: एन८ म्हणजे ३.२, एन६ म्हणजे ०.८. (त्यापुढे ६.३ आणि १२.५ असे किंचित गोल केलेले आकडे आहेत, पण हिशेब तोच.)

आकड्याआधीची अक्षरं वाचायला विसरू नका. आरए १.६ आणि आरझेड १.६ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरए ही मधल्या रेषेपासूनच्या अंतरांची सरासरी. आरझेडसाठी मोजलेल्या लांबीचे पाच तुकडे करून प्रत्येकातलं सर्वांत उंच शिखर ते सर्वांत खोल दरी हे अंतर घेतात आणि त्या पाचांची सरासरी काढतात. आरझेड आरएच्या चारपट ते सातपट असू शकतो, पृष्ठभाग कसा केलाय त्यावर अवलंबून. ठरावीक गुणक वापरून एकाचं दुसरं करायला कुणी सांगितलं तर अंदाजापुरतं करा, रिपोर्टवर लिहू नका.

अजून एक. दहा ठिकाणी मोजलं, एका ठिकाणी थोडं जास्त आलं. पास की फेल? जुन्या आयएसओ मानकांप्रमाणे वेगळं काही लिहिलं नसेल तर १६ टक्क्यांपर्यंतची मोजमापं मर्यादेबाहेर गेलेली चालतात. २०२१ साली आलेल्या आयएसओ २१९२० मध्ये हे बदललं. वेगळं काही लिहिलं नसेल तर एकही मोजमाप बाहेर चालत नाही. कस्टमरचं ड्रॉइंग कोणत्या मानकाचं आहे हे टायटल ब्लॉकजवळ बघून घ्या, नाहीतर भांडण ठरलेलं.

पायरी ३: आकडा काय लपवतो ते ओळखा

समजा एका पृष्ठभागाचा आलेख काढला आणि तो कागद उलटा धरला. शिखरांच्या दऱ्या झाल्या, दऱ्यांची शिखरं. आरए मात्र तेवढाच राहतो, दशांशाचाही फरक नाही. पण कामाच्या दृष्टीने ते दोन वेगळे पृष्ठभाग आहेत. एक सपाट माळावर सुळके उभे असावेत तसा. तो सील कापेल, आणि सुळके मोडले की त्यांचा चुरा तेलात फिरेल. दुसरा सह्याद्रीतल्या पठारासारखा: वर सपाट, मधूनमधून खोल घळी. तो भार घेईल आणि घळीत तेल साठवेल.

बोअरला हवं ते पठार. म्हणून होनिंग दोन-तीन टप्प्यांत करतात. आधी जाड दाण्याच्या स्टोनने खोल रेघा, शेवटी बारीक स्टोनने मोजकेच स्ट्रोक. त्याने फक्त सुळके कापले जातात, घळी तशाच राहतात. नावच प्लेटो (पठार) होनिंग. पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ लिहिलेलं असायचं आणि शेकडो किलोमीटर गाडी हळू चालवावी लागायची. त्या काळात सुळके कापायचं काम रिंगाच करायच्या. आता त्यातलं बरंचसं कारखान्यातच होतं. आजीने फेकलेले तांदूळ कारखान्याने आधीच वाटून दिले म्हणा.

हे मोजायला आरए उपयोगाचा नाही. त्यासाठी आरपीके, आरके आणि आरव्हीके हे तीन आकडे लागतात: सुळक्यांची उंची, मधला भार घेणारा गाभा आणि घळींची खोली. बोअरवर आरव्हीके आरपीकेपेक्षा बराच मोठा दिसला पाहिजे. सुरुवातीला एवढं कळलं तरी तुम्ही शॉपमधल्या निम्म्या लोकांच्या पुढे आहात.

पायरी ४: मोजा, पण घाईत नाही

टेस्टरच्या टोकाशी हिऱ्याची सुई असते, टोकाची त्रिज्या २ किंवा ५ मायक्रॉन. ती जॉबवरून ओढली जाते आणि वरखाली होते, एवढंच. त्यामुळे सुईपेक्षा अरुंद दरीचा तळ तिला कधीच दिसत नाही.

सकाळी पहिलं काम म्हणजे सोबतच्या मास्टर पीसवर मोजून बघणं. त्याच्यावर आकडा लिहिलेला असतो. तो आला नाही तर पुढे जाऊ नका. मास्टर वर्षानुवर्षं एकाच जागी घासला की तोही झिजतो, म्हणून जागा थोडी बदलत राहा.

जॉब पुसा. कूलंटचा थेंब, चिपचा कण, बोटाचं तेल, सगळं आकड्यात येतं. मग सुई रेघांना आडवी जाईल अशी लावा. टर्निंगच्या (लेथवर फिरवून कापलेल्या) जॉबवर म्हणजे अक्षाच्या दिशेने. रेघांच्या बाजूने मोजलंत तर तुम्ही दरीतून चालत गेलात, डोंगर लागलाच नाही. आकडा फसवा छान येतो.

कटऑफ. टर्निंगमध्ये तो फीडवरून (टूल दर फेरीला जेवढं पुढे सरकतं त्यावरून) ठरतो: रेघांमधलं अंतर ०.१३ ते ०.४ मि.मी. असेल तर ०.८ मि.मी. ग्राइंडिंगसारख्या अनियमित पृष्ठभागावर आरए ०.१ ते २ मायक्रॉन असेल तरी ०.८ च. त्याहून खडबडीत, १० मायक्रॉनपर्यंत, असेल तर २.५. मोजायची लांबी कटऑफच्या पाचपट, म्हणजे ०.८ ला ४ मि.मी. ०.८ च्या जागी ०.२५ लावला की गाळणीतून बराच माल गळून जातो आणि आकडा खाली येतो. रिजेक्शन टाळायला हा उपाय केलेला मी पाहिलाय. कस्टमरकडे दुसऱ्या कटऑफवर मोजलं गेलं आणि पूर्ण लॉट परत आला.

हातातल्या टेस्टरला बहुधा सुईशेजारी एक छोटी घसरपट्टी असते, स्किड. ती स्वतः लाटांवरून वरखाली होते, त्यामुळे लाटा मोजमापात येतच नाहीत. चॅटर झालेला (कापताना थरथरून लाटा पडलेला) जॉब अशा टेस्टरवर निर्दोष निघू शकतो. डोळ्यांनी बघा, तिरपा प्रकाश पाडा, नख फिरवा. नख हे जुनं पण भरवशाचं हत्यार आहे.

आणि शेवटी आलेख बघा. टेस्टर आलेख दाखवत असेल तर आकड्याआधी तो बघायची सवय लावा.

तो शाफ्ट

भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी इन्स्पेक्शनला होतो तेव्हाची गोष्ट. ४० मि.मी. व्यासाचा गिअरबॉक्सचा शाफ्ट, सीलच्या जागेवर आरए ०.२ ते ०.८. ऑइल सीलसाठी हीच मर्यादा पुष्कळ ठिकाणी दिसते. ०.८ च्या वर गेलं की रबराची धार घासली जाते. ०.२ च्या खाली गेलं तर धारेखाली तेल टिकत नाही, रबर कोरडं चालतं आणि जळून कडक होतं. आमचे सगळे शाफ्ट ०.३ च्या आसपास. मर्यादेच्या आत. रिपोर्टवर माझी सही.

महिन्याभरात तक्रारी यायला लागल्या. गिअरबॉक्स गळतात. पण सगळे नाहीत, साधारण निम्मे. सील बदलून झाले, हाऊसिंग तपासून झालं, फिटरवर राग काढून झाला. शेवटी आमच्या जुन्या फोरमनने एक प्रश्न विचारला: गळणाऱ्यांच्या मोटरी कोणत्या बाजूने फिरतात? फोन करकरून विचारलं. गळणारे सगळे एकाच दिशेने फिरत होते. उलट दिशेने फिरणाऱ्यांतला एकही गळत नव्हता.

फोरमन हसला आणि लेथवर गेला. शाफ्ट सेंटरमध्ये लावला, लेव्हलने आडवा आहे याची खात्री केली, सीलच्या जागेवर पातळ सिलिकॉन तेलाचा हात फिरवला. मग शिवणाचा दोरा घेतला, एक टोक मागे स्टँडला बांधलं, दोरा शाफ्टवरून असा घेतला की दोनतृतीयांश घेराला लपेटला जाईल, आणि खालच्या टोकाला ३० ग्रॅमचं वजन टांगलं. शाफ्ट मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवला. दोरा हळूहळू उजवीकडे सरकायला लागला. उलटं फिरवलं. दोरा डावीकडे.

म्हणजे त्या चकचकीत पृष्ठभागावर आटे होते. डोळ्याला न दिसणारे, टेस्टरला न कळणारे, पण तेलाला स्क्रू पंपासारखे बाहेर ढकलणारे. एका दिशेने फिरला की तेल बाहेर, दुसऱ्या दिशेने फिरला की आत. या दोषाला लीड म्हणतात. (दोरा दोन्ही फेऱ्यांत एकाच बाजूला सरकला असता तर दोष आट्यांचा नव्हता. शाफ्ट आडवा नाही किंवा निमुळता आहे असा त्याचा अर्थ.)

आटे आले कुठून? ग्राइंडिंग बरोबर होतं. पण रात्रपाळीचा ऑपरेटर, काम मनापासून करणारा पोरगा, फिनिश आणखी चांगलं यावं म्हणून शाफ्ट फिरता ठेवून एमरी पेपरची पट्टी डावीकडून उजवीकडे ओढत होता. फिरता शाफ्ट आणि सरकती पट्टी, रेघ गोल जिन्यासारखी चढणारच. आरए ०.५ वरून ०.३ झाला आणि गिअरबॉक्स गळायला लागला. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण फिनिश वाढवायचा बोनस आम्हीच लावला होता.

सीलच्या जागेसाठी म्हणूनच प्लंज ग्राइंडिंग सांगतात. चाक आडवं न सरकवता सरळ आत घ्यायचं आणि ठिणग्या पूर्ण थांबेपर्यंत तसंच फिरू द्यायचं. एवढ्यावरही लीड येऊ शकतो. चाक ड्रेस करताना, म्हणजे हिऱ्याने नव्याने घासून घेताना, हिरा जोरात ओढला तर चाकावरच आटे पडतात आणि ते जॉबवर उमटतात. ड्रेसिंगचा फीड कमी ठेवा, आणि चाकाच्या फेऱ्या जॉबच्या फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येऊ देऊ नका, नाहीतर तीच रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी पडत राहते. त्या नोकरीतून बाहेर पडून वर्षं झाली, पण सीलवाला शाफ्ट पहिल्यांदा लागला की मी अजून खिशातून दोरा काढतो.

पायरी ५: मशीनवर हवा तसा पृष्ठभाग काढा

टर्निंगपासून सुरुवात करा, कारण तिथे हिशेब करता येतो. टूलचं टोक गोल असतं आणि प्रत्येक फेरीत ते एक फीड पुढे जातं. दोन ओळींमध्ये जो उंचवटा राहतो त्याची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (त्या टोकाच्या त्रिज्येची) आठपट. फीड ०.२ मि.मी. आणि रेडियस ०.८ मि.मी. असेल तर ०.०४ भागिले ६.४, म्हणजे ०.००६२५ मि.मी., सव्वासहा मायक्रॉन. हा आरझेडच्या जातीचा आकडा. आरए साधारण त्याच्या चौथ्या हिश्श्याला येतो, म्हणजे १.६ च्या आसपास. फीड निम्मा केला की उंचवटा चौथा हिस्सा. फीड तसाच ठेवून रेडियस दुप्पट केला की उंचवटा फक्त निम्मा, आणि बारीक जॉब थरथरायला लागतो तो वेगळाच.

वेग फार कमी ठेवला तर सौम्य पोलाद टूलच्या धारेला चिकटतं, तुटतं, पुन्हा चिकटतं, आणि जॉबवर फाटल्यासारखे चट्टे पडतात. वेग वाढवला की बरेचदा हे आपोआप जातं. नवखे इथे वेग कमी करून फीडशी झटत बसतात.

पहिल्या आठवड्यात एक काम करा. भंगारातला सौम्य पोलादाचा तुकडा घ्या, ०.८ रेडियसचं नवीन इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) लावा, तोच वेग ठेवून तीन पट्टे काढा: फीड ०.२, ०.१ आणि ०.०५. प्रत्येकाचा हिशेबाने येणारा आकडा वहीत आधी लिहा: ६.२५, १.५६, ०.३९. मग आरझेड मोजा. ०.०५ आणि ०.१ च्या पट्ट्यांना कटऑफ ०.२५ लावा, कारण रेघा जवळ आल्यात. पहिला पट्टा हिशेबाच्या जवळ येईल. दुसरा थोडा वर. तिसरा मात्र ०.३९ च्या आसपासही येणार नाही, बराच वर राहील. इतका पातळ काप टूलला नीट कापता येत नाही, ते मटेरिअल दाबून पुढे ढकलतं, आणि मशीनची थरथर त्यात मिसळते. तिसऱ्या पट्ट्याचा आलेख प्रिंट काढा, वहीत चिकटवा, आणि टूलच्या धारेकडे भिंगातून बघून काय दिसलं ते शेजारी लिहा.